ट्रान्सपोर्ट

फोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
फ्रेनीबाईंची ऐकायची खोली.
भिंतींना गालिचे, दाराला रबराची पट्टी,
आत शिरलं की आधी आपलंच रक्त ऐकू येतं.

डावीकडे प्लेअर. एक लाख दहा हजार.
चकती वाचणार, आकड्यांचा सूरही तोच करणार,
सगळं एका छपराखाली.
उजवीकडे ट्रान्सपोर्ट. एकोणीस किलो. किंमत त्याहून जड.
तो फक्त वाचणार
आणि वाचलेलं तारेवरून पुढे देणार.
सूर करणारा डबा वेगळा,
त्याचे पैसे वेगळे.

'एकत्र कुटुंब,' फ्रेनीबाई म्हणाल्या, 'नाय तर वेगळी चूल.
वेगळ्या चुलीत भांडण कमी.
मोटारची थरथर सुराच्या ताटात सांडत नाय.'

मी गोदीत एकतीस वर्षं टॅली क्लार्क.
खोका आला, खोका गेला, खडूची रेघ.
आत चहा की चिनीमाती, कधी उघडून पाहिलं नाही.
मोजायचं आणि पुढे द्यायचं, काही न सांडता.
तेव्हा त्या ट्रान्सपोर्टकडे मी
भाऊबंदाच्या नजरेनं पाहिलं.

झाकण सरकलं. चुंबकाचं बूच बसलं.
कुणी परदेशी चेलो वाजवत होता,
त्याच्या श्वासानं माझ्या चष्म्यावर धुकं धरावं, इतका जवळ.
प्लेअरवर तोच माणूस दोन खुर्च्या मागे जाऊन बसला.
फरक होता. नाही म्हणणं खोटं ठरेल.
दोन खुर्च्यांचे किती होतात
हेही मी मनात मोजलं. सवय.

मग पिशवीतून माझी काढली.
वर विदुलाचं अक्षर, निळं स्केचपेन:
बाबल नाईक. मारवा. आमच्याकडे.
तारीख घाईत अर्धीच.

ट्रान्सपोर्टनं ती फिरवली. थांबला. पुन्हा फिरवली.
काचेवर अक्षरं उमटली: डिस्क नाही.
फ्रेनीबाईंनी चष्म्याच्या फडक्यानं पुसून परत ठेवली.
डिस्क नाही.
गोदीतही असं व्हायचं. कागद बरोबर नसला
की डोळ्यांसमोरचा खोकाही
आलेलाच नसायचा.

प्लेअरनं जरा कुरकुर केली, मांजराएवढी.
मग वाचली.

आधी नुसती खोली. वडाळ्याची, क्वार्टर्समधली.
कुणीतरी पेटीचा भाता सोडतं,
आणि विदुला, अगदी हळू, मलाच:
'पंखा बंद करा ना.'
बटणाचा आवाज.
मग पंखा, थांबत जाणारा.
एक पातं वाकडं होतं त्याचं, दर फेरीला
टक्,
टक्,
थोडं अजून उशिरा टक्.
सतरा फेऱ्या. अठरावी येता येता राहिली,
आणि त्या रिकाम्या जागेत
बाबलनं कोमल रिषभ ठेवला.

हे मला ठाऊकच नव्हतं. बावीस वर्षं
घरच्या जुन्या यंत्रानं फक्त गाणं पोचवलं,
पंखा वाटेतच कुठे तरी उतरवून ठेवला.

'ट्रान्सपोर्टवर अजून ऐकू आलं असतं,'
फ्रेनीबाई म्हणाल्या. धंदा करायचा म्हणून नव्हे.
'वाचलं असतं तर.'
आलं असतं. तिला मी काय उत्तर दिलं, ते कदाचित.

प्लेअर टॅक्सीत मांडीवर घेऊन आणला.
चालक म्हणाला, डिकीत ठेवा की काका.
नाही ठेवला.

आता चेंबूरला, मे महिन्यात, भर दुपारी
(मारव्याची ही वेळ नव्हे, ठाऊक आहे)
खिडक्या लावतो, उठून पंखा बंद करतो.
आधी माझा थांबतो.
मग तिचा.
घाम मानेवरून कॉलरीत उतरतो.
दारावरून जाताना फर्टाडोबाई विचारतात,
लाइट गेली का तुमची?

हो म्हणतो.