चाचणीची रात्र

ट्रेलर एकोणीसशे त्र्याहत्तरचा, माझ्याहून तीन वर्षांनी लहान.
बाबा म्हणतात, तुझ्यापेक्षा त्याने कमी छळलं.
ते उलट्या बादलीवर बसलेत, कोठाराच्या सावलीत,
डोळ्यांपुढे दोन वर्षांपासून दुधाळ काच,
आणि मला हुकूम सोडताहेत.

आधी टायर. नक्षी नवीकोरी,
पण कडांना बारीक भेगा, आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या.
"नक्षीवर भाळू नकोस, रबराचं वय विचार."
चारही बदलले. चारशे ऐंशी डॉलर.
फीनिक्सहून डेलचा फोन : विकून टाका ते खोकं.
स्पीकर बंद करेपर्यंत
बाबांनी ऐकायचं ते ऐकलं होतं.

भट्टीत उंदरांनी संसार थाटलेला.
गादीचा कापूस, नकाशाचे कपटे,
आणि एक पोपटी लोकरीचा धागा. आईच्या मोज्याचा.
"काय सापडलं?"
"उंदीर."
"ते दर वर्षी सापडतात. पुढचं बोल."
धागा मी खिशात टाकला.

मग जॅक लावून चाकं उचलली, एकेक फिरवलं.
"थांब. डावं मागचं पुन्हा.
आत कुणीतरी वाळू चघळतंय."
मला नुसती घरघर. तरी खोललं :
बेअरिंगच्या कड्यावर निळसर डाग, नखाला लागेल असा चरा.
एवढ्यावर आम्ही तीनशे मैल निघालो होतो,
शेवटचे चाळीस कच्च्या रस्त्याचे, ऑक्टोबरच्या बर्फात.
क्लेटसकडून नवी जोडी आणली.
ग्रीस भरायचं काम त्यांनी मागून घेतलं.
तळव्यावर गोळा, त्यात बेअरिंग दाबत राहायचं
पलीकडून ग्रीसच्या अळ्या निघेपर्यंत.
त्याला डोळे लागत नाहीत.
कोपरापर्यंत माखले, आणि आठवड्यात पहिल्यांदा
चष्मा कुठे ठेवला ते विचारलं नाही.

कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीच्या नोंदी.
"वाच," म्हणाले.
८१ : उणे बारा. रॉयला नर, सहा फाट्यांचा.
८६ : काही नाही. बर्फही नाही. पत्ते.
९४ : इंग्रिड आली. कॉफी प्यायसारखी.
०३ : रॉयशिवाय.
१९ : गाडी चिखलात, दोन दिवस.
खाली कोरं लाकूड, वीतभर.
"चौऱ्याण्णव पुन्हा वाच."
वाचलं.

छताची शिवण डिंकाने बुजवली. गॅसच्या सांध्यांना साबणाचं पाणी.
एका ठिकाणी फुगे आले, चावी अर्धा आटा फिरवली, गेले.
यंदा एल्कचा परवाना माझ्या नावावर आहे.
वीस वर्षांत मी डब्यांशिवाय कशावर गोळी झाडलेली नाही.
हे ते जाणून आहेत. मीही जाणून आहे. कुणी काढत नाही.

निघण्याआधी एक रात्र अंगणातच झोपायचं, हा त्यांचा नेम.
जे बिघडायचं ते घराजवळ बिघडू दे.
भट्टी दोनदा विझली, तिसऱ्यांदा टिकली.
पाण्याच्या नळाला खोकला. बाबा घोरले,
घरात कधी घोरत नाहीत तसे, मनापासून.

चारला जाग आली तर ते बुटांच्या नाड्या बांधत होते,
अंधारात, कुणाला उठवायचं नाही अशा बेताने.
"वारा कुठून?"
मी दार उघडलं. थंडी अंगावर आली.
"पश्चिमेकडून."
"मग पूर्वेच्या सोंडेने चढायचं."
पोटात खड्डा पडला. "बाबा, आपण अंगणात आहोत."
"माहितेय ग. क्लेटसचं कुत्रं भुंकतंय,
ते काय डोंगरात येणार आहे?"
नाडीची दुसरी गाठ मारली.
मग दारापर्यंत चाचपत आले, बोट तोंडात घालून ओलं केलं,
माझ्या खांद्यावरून बाहेर धरलं.
"नैऋत्य," म्हणाले. "पुन्हा बघ."