कडीच्या उंचीवर

स्टिकर कुठे लावायचा हे मी ठरवलं.
स्टेर्यिओसमामा तो डोळ्यांच्या उंचीवर लावायचा,
तसबिरीसारखा, चार पावलं मागे सरून बघायचा.
मी म्हटलं, मामा, बाहेर अडकलेला माणूस वर बघत नाही.
किल्लीच्या भोकाकडे बघतो, वाकून,
ते भोक आता काहीतरी बोलेल असं.
तिथे लाव. कडीच्या उंचीवर.

आणि नाव काढून टाक,
आजोबांपासूनचं असलं तरी.
घरातल्या सपातांवर जिन्यात कुडकुडणारी बाई
नाव वाचत नाही, आकडे वाचते.

पिवळ्यावर काळे दहा आकडे,
काड्यापेटीएवढा कागद,
पाच हजार नग, एकशे चाळीस युरो.
पहाटे दोनला आम्ही तुम्ब्याच्या चढणीवर,
मामा पुढे, पिशवी घेऊन मी मागे,
चोरांसारखे. तेही दारंच बघत फिरतात.
सकाळी आमच्यावर तीन आल्फांचा निळा स्टिकर.
यादीत पहिलं यावं म्हणून त्याने
दुकानाचं नावच तसं ठेवलेलं.
रात्री त्याच्यावर पुन्हा आमचा.
काही दारांवर तो थर
करंगळीच्या नखाएवढा जाड झाला.

वार्दारिस सुटला की धंदा.
गच्चीत कपडे वाळत घालणाऱ्यांची दारं
हा उत्तरेचा वारा मागून ओढून घेतो.
किल्ली आत, भाजी गॅसवर.
एका आठवड्यात एकोणीस फोन.
मामा त्याला भागीदार म्हणायचा,
हिस्सा न मागणारा.

पण वारा काही रोजचा नाही,
आणि मामाने बसवलेलं कुलूप
वीस वर्षं कुरकुरत नाही.
मी वहीत मांडून दाखवलं:
काम चोख केलं की गिऱ्हाईक परत येत नाही.
मामा हसला.
मग बराच वेळ हसला नाही.

फेब्रुवारीत वकिलांच्या कचेरीतून माणूस आला.
महिन्याला चाळीस दारं, पैसे तीस दिवसांत.
एक जुनी गाडी घेता येईल, एक पोरगा ठेवता येईल,
रात्रीचं हिंडणं सुटेल.
कसली दारं, मामाने विचारलं.
लिलावातली, तो म्हणाला.
पेन मीच पुढे केलं.

पहिलं दार तिसऱ्या मजल्यावर.
बेलीफ, एक हवालदार, मामा, मी.
आतून कुणी उघडेना.
मामा वाकला आणि वाकलेलाच राहिला.
भोकाशेजारी आमचा पिवळा कागद,
कडीच्या उंचीवर, एका कोपऱ्यात जरा तिरका.
माझ्या हाताचा.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.
दारामागे एक म्हातारा आवाज,
आणि तोच फोनमध्ये, जरासा मागून:
लवकर या हो, माझं कुलूप कुणीतरी तोडतंय.
दारावरचा नंबर मी कॅलेंडरवर उतरवून ठेवला होता.

मामा म्हणाला, आलोच.
आणि तिथेच उभा राहिला.

मग अर्धा तास त्याने ते कुलूप उघडलं नाही.
न उघडायलाही हात लागतो,
उघडायला लागतो त्याहून जास्त.
खिट्टी चाचपायची, सापडली की सोडून द्यायची,
कपाळ पुसायचं, दुसरी तार मागायची.
मी तारा देत राहिले.
बेलीफ घड्याळ बघत राहिला,
शेवटी त्याने दुसरीकडे फोन लावला.

तीन आल्फा बावीस मिनिटांत आला.
त्याला चार मिनिटं लागली.

चाळीस दारं गेली. गाडी आली नाही.
पुढच्या छपाईला मामा म्हणाला, नाव घाल,
बारीक का होईना, आकड्यांखाली.
मी का ते विचारलं नाही.

परवा त्याच जिन्यात गेले होते, वरच्या मजल्याच्या कामाला.
दाराला नवं कुलूप, चकचकीत.
शेजारी आमचा कागद अजून तसाच.
नखाने काढून पाहिला.
निघाला नाही.
गोंद मी चांगला निवडला होता.