खिसा

पडूकाच्या दक्षिण टोकाला, टायरवाल्याच्या शेजारी,
डार्लीन हॉब्ज काचेच्या पेटीतून एकेक काढून
हिरव्या मखमलीवर मांडते.
बावीस. पंचवीस. बत्तीस.
ब्लाउजची मापं सांगावीत तशी.
बत्तीस आता मला व्हायचं नाही, मी मनात म्हणते.

"लहान म्हणजे सोपं असं समजू नका.
लहानाची स्प्रिंग ताठ, लहानाचा झटका हाताला जास्त."
मूर्ती लहान, मी पुटपुटते,
पुढचं तिला कुठून कळायला.

आणि खरंच, स्लाइड माझ्याच्यानं मागे सरत नाही.
एकोणीस वर्षं बाटल्यांची झाकणं पिळून
अंगठ्याचा सांधा गेलाय.
एकोणीस वर्षं गोळ्याच मोजल्यात मी
निळ्या तबकावर, पाच-पाचच्या ढिगानं.
इथे सातच मावतात.
हिशेब सोपा आहे.

मग ती दुसरं काढते:
याची नळी पुढून वर उचलली जाते,
अत्तराच्या डबीचं झाकण उघडावं तशी.
सांध्याला त्रास नाही.
"फेब्रुवारीत चिठ्ठी आली होती ना तुमच्या काउंटरवर?"
गावाला माहीत आहे.
औषधाचं नाव चुकलेलं, आणि खाली, बरोबर लिहिलेलं, 'प्लीज'.

"ठेवणार कुठल्या खिशात?" डार्लीन विचारते.

मी बघते. कुडत्याला नाही.
पँटला आहे तो खोटा, शिवणीची नुसती रेघ.
कोपरगावच्या काकूच्या कनवटीला
तपकिरीची डबी, कपाटाची किल्ली, नोटेची घडी
दिवसभर सुखानं राहायची.
माझ्याकडे पर्स आहे, जिच्यात फोनसुद्धा सापडत नाही.

"आधी खिसा करा. मग बारा औंसांचं काहीतरी
आठवडाभर वागवा. वजन सोसलं तर या."

हे गोधड्यांचं गाव. जाड कापड कुठेही मिळतं.
नेव्ही ब्लू तुकडा, दुहेरी टीप,
पांढऱ्या कोटाला आतून.
स्वयंपाकाच्या काट्यावर मी काय काय ठेवलं:
किसणी, कॅमेरा, लोणच्याची अर्धी बरणी.
शेवटी काकूचा पितळी अडकित्ता.
थोडा कमी भरला, म्हणून दोन सुपाऱ्याही टाकल्या.
विद्याधर पेपरातून म्हणाला, "सुपारी कुणाची?"
हसलो दोघं. मग तो पेपर वाचत राहिला
आणि पान काही उलटलं नाही.

सोमवारी कोट एका अंगाला झुकला.
मंगळवारी खांदा दुखला.
बुधवारी विसरले.
गुरुवारी रात्री अकरा दहाला शटर ओढलं
आणि पार्किंगमधून कुणीतरी चालत आलं.
टोपडं कपाळापर्यंत, मूठ मिटलेली.
"मॅम."

हात माझ्या आधी खिशात गेला होता.
अंगठा काहीतरी शोधत होता,
जे अडकित्त्याला नसतं.

त्यानं मूठ उघडली. मुलीचा इन्हेलर, रिकामा.
"बंद झालं का तुमचं?"

शटर डाव्या हातानं वर केलं.
दिवे डाव्या हातानं.
पोरीचं नाव टाइप करायला उजवा बाहेर काढला
तेव्हा की-बोर्डवर रक्त.
खिशात अडकित्ता उघडला होता
आणि त्यानं बोट धरलं होतं, चांगलं पेरापर्यंत.
मला कळलंही नव्हतं.

तोच शेल्फवरून पट्ट्यांचा डबा घेऊन आला,
दातांनी कागद फाडला,
बांधली, जराशी घट्टच.
डब्याचे पैसेही दिले. चार डॉलर एकोणतीस.
नको म्हटलं तर म्हणाला,
"उद्या कॅश जुळायला नको का तुमची?"

शनिवारी डार्लीननं आधी बोट पाहिलं, मग चेहरा.
"सोसलं?"
मी कोट उलटा करून दाखवला:
दुहेरी टीप एका कोपऱ्यात उसवलेली,
आत सुपारीचा एक तुकडा, बरोब्बर अर्धा.

पेटीची किल्ली तिनं कुलपात घातली
आणि फिरवायची थांबली.
बाहेर टायरवाला हवा भरत होता.
मी विचारलं,
"सुईदोरा आहे का ग तुझ्याकडे?"