खोळ

निपाणीत तंबाखू शिंकायला लावते,
कापूस मात्र सगळं ऐकून घेतो.
म्हणून मुजम्मिल नदाफ गाणं रेकॉर्ड करायचा तो
बापाच्या गादीच्या दुकानात, मागल्या खोलीत,
रचलेल्या रजयांच्या मधोमध,
दार लावून, पंखा बंद करून,
वैशाखात.

मी समोरच्या कट्ट्यावर खोळी शिवते. तेवीस वर्षं झाली.
तो घामानं निथळत बाहेर यायचा,
मोबाइल माझ्या कानाला लावायचा:
"मावशी, ऐक की. कसं झालंय?"
मला त्यातलं काय कळणार.
अल्लाचं नाव कळायचं,
आणि मधेच पावाच्या टेम्पोचा भोंगा.
"पाववाला आलाय बघ तुझ्या गाण्यात," म्हणायचे मी.
तो परत रजयांत शिरायचा.

नावाचा अर्थ त्यानंच सांगितला एकदा:
पांघरुणात गुरफटलेला.
"मग बरोबर हाय की," मी म्हटलं,
"पिंजाऱ्याच्या घरात दुसरं काय ठेवतील."

वाद्य नको, मौलाना म्हणाले.
दफ एखादवेळ. कीबोर्ड नाही.
रागावून नव्हे. स्वतःचीच गादी भरायला आले होते,
कापूस चिमटीत धरून बघत म्हणाले.
मग त्यानं माळ्यावरून आज्याची धनुकली काढली,
धूळ फुंकली, तांत ओढली.
तुंईं—
पोटातून जाणारा आवाज.
मौलाना थोडा वेळ गप्प.
"हे तर अवजार आहे," शेवटी म्हणाले,
आणि आगाऊ पैसे देऊन गेले.

ते गाणं आधी रिक्षांत वाजलं, मग लग्नाच्या मांडवांत,
मग हुबळीला, मग कोल्हापूरला.
कोल्हापुरात म्हणाले, तू तर कर्नाटकचा.
हुबळीत म्हणाले, कानडीत म्हण.
म्हटलं त्यानं. दखनीत म्हटलं, कानडीत म्हटलं,
मराठीतही एक कडवं घातलं
बिडी वळणाऱ्या बायांचं,
ज्यांच्या बोटांना पहाटेच्या दुआतही जर्द्याचा वास येतो.
माझी नणंद त्यांतलीच. देवपूजा करताना
तेच कडवं गुणगुणते, चुकीच्या चालीत.

मुंबईहून दोन पोरं आली, पांढरे बूट घालून.
चाल सोन्यासारखी आहे म्हणाली, फक्त
'तू' म्हणतोस तिथं एक पोरगी दाखवू.
शब्दाला हात लावणार नाही.
आकडा ऐकून बापानं आणखी एकदा चहा सांगितला.
मुजम्मिल गादी टाचत होता. मोठी सुई, दुहेरी दोरा.
टाका पुरा होईपर्यंत बोलला नाही.
मग म्हणाला, "शब्दाला नाही, पण 'तू'ला लागतोय की हात."
बाप आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही.
त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही;
दुकानाचे हप्ते थकले होते, माझी मजुरीसुद्धा.

आता बेळगावात कॅम्पच्या बाजूला
भाड्याच्या खोलीत त्याचा स्टुडिओ आहे.
भिंतीला काळा फोम, अंड्यांच्या ट्रेसारखा.
गेल्या शुक्रवारी नमाज झाल्यावर फोन:
"मावशी, आवाज कोरडा यालाय हितं.
दोन जुन्या रजया पाठव की."

जुन्याच पाठवल्या. खोळी नव्या शिवल्या.
लाल बसची पाटी मला वाचता येत नाही,
दोघांना विचारून मग चढवल्या.
कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं,
आत काय, म्हणाला.
कापूस, म्हटलं.

आणि एक सांगायचं राहिलं.
त्या पहिल्या गाण्यात, तिसऱ्या कडव्याला,
धनुकलीच्या मागं बारीक टकटक आहे.
कुठलं मशीन लावलंस, लोक त्याला विचारतात.
त्या दिवशी दार नीट लागलं नव्हतं,
आणि हमीदाबीच्या लेकीच्या सहा उशा
मला दिवस मावळायच्या आत द्यायच्या होत्या.
मी म्हटलं होतं, परत म्हण बाबा, मी थांबते.
"राहू दे," तो आतून म्हणाला,
"तू चालव."