ओळखदार

शिवाजीनगरच्या नोंदणी कचेरीबाहेर, बुचाच्या झाडाखाली
बावीस वर्षं माझं टेबल होतं.
गोदरेजचं मशीन. त्यात ‘ळ’ अर्धाच उठायचा,
म्हणून मुळशी मी नंतर पेनानं दुरुस्त करायचो.

खरेदीखत, हक्कसोडपत्र, कुलमुखत्यार,
पानाला आठ रुपये.
ओळखदार म्हणून सही हवी असेल
तर पन्नास वेगळे.
‘लिहून देणार यांना मी व्यक्तिशः ओळखतो’
हे वाक्य माझी बोटं झोपेतही मारत.

खळदकर साहेब आदिवासींच्या जमिनींचे निरीक्षक.
कातकऱ्यांची जमीन त्यांना विचारल्याशिवाय
कुणी घेऊ नये, यासाठी सरकारनं नेमलेले.
लोक त्यांना विचारूनच घेत.

त्या मंगळवारी त्यांच्या जीपमधून एक बाई उतरली,
वारज्याच्या नाक्यावरून आणलेली बिगारी,
नव्याकोऱ्या लुगड्यात, पदराला किमतीची चिठ्ठी तशीच.
साहेब बाकावर तिची उजळणी घेत होते
शाळामास्तरासारखी, न चिडता.
नाव? नवशी बाळू हिलम.
गाव? कुंभळवाडी.
जमीन? चार एकर सतरा गुंठे.
पैसे मिळाले? मिळाले.
कुणाची जबरदस्ती? नाही नाही.
‘एकदाच नाही म्हण,’ साहेब म्हणाले.

आत रजिस्ट्रारनं बापाचं नाव विचारलं.
ते शिकवायचं राहिलं होतं.
बाई म्हणाली, ‘गोमा.’
तो तिचा स्वतःचा बाप असणार,
कारण नाव घेताना तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.
खळदकर हसले. ‘घाबरलीय. चिंधू लिहा.’
चिंधू लिहिलं.
मी खाली सही केली.
तिचा अंगठा काय सुरेख उठला,
रेघ न् रेघ मोजून घ्यावी असा.

बाहेर तिला साठ रुपये मिळाले आणि एक वडापाव.
लुगडं साहेबांनी परत घेतलं.
पुढच्या मंगळवारी लागणार होतं.

खरी नवशी आली तीन वर्षांनी,
वरईच्या रानाभोवतीचं तारेचं कुंपण बघून.
‘मी न इकता इकली कशी वो?’
अर्ज लिहून द्या म्हणाली. लिहिला.
आठ रुपये घेतले.
खताची नक्कल तिनं माझ्यासमोरच पसरली होती,
तळाशी माझी सही,
आणि तिला वाचता येत नाही
याचं मला त्या दुपारी बरं वाटलं.

अर्ज अभिप्रायासाठी खळदकरांकडेच गेला.
वर्षभरानं तिथून निघून
अंगठे तपासणाऱ्यांकडे पोचला.
पण नवशीच्या अंगठ्याला रेघाच नव्हत्या.
तीस हंगाम कोळशाच्या भट्ट्या लावलेला अंगठा,
कागदावर नुसता काळा गोळा.
शेरा आला: ठसा तुलनेस अयोग्य.
खतावरचा मात्र स्पष्ट.
जो स्पष्ट तो खरा, असं ठरलं.
खळदकर बढतीवर नाशिकला गेले.
निरोपाचं भाषण मीच टाइप केलं, फुकट.

शेवटची आली तेव्हा तिला प्रतिज्ञापत्र हवं होतं,
की मी नवशी, मी जिवंत आहे, अन् मीच ती.
त्याला ओळखदार लागतो.
‘तुमी तर मला वळखता नव्हं?’

ओळखत होतो.
खोकल्यावरून. टेबलाच्या कडेला
पिशवी टेकवायच्या पद्धतीवरून.
चहा दिला तर आधी बशी पुसायची, तिच्यावरून.

‘गावचा कुणी आण,’ मी म्हणालो.

ती उठली, पिशवी घेतली,
रस्ता ओलांडताना दोनदा थांबली.
मी मशीनला कोरा कागद लावला
आणि ते वाक्य मारलं, कुणाच्याच नावानं नाही.
वर ओढून पाहिलं.
‘ओळखतो’मधला ‘ळ’ अर्धा.
पेन खिशातच होतं.