वरच्या टोकाला

आधी वंगण सोडलं.
ते वाहिलं नाही, घसरलं,
काळ्या लोण्यासारखं ट्रेमध्ये बसून राहिलं.
रोवनने बोट बुडवून नाक मुरडलं.
पोरी, हा चाललेल्या मैलांचा गाळ नाही,
न चाललेल्या मैलांचा आहे.

रोल्स, तेहेतीस सालची. केल्सोच्या वरच्या अंगाला
ऑर्मिस्टनांच्या तबेल्यातून ओढत आणलेली.
हातमोज्यांच्या खणात वही, लॉक्लनच्या मुंगीअक्षरात :
हजार मैलांना वंगण,
वीस हजारांना डोकं उतरवून काजळी खरवडणे,
साठ हजारांना (इथे पेन्सिलीच्या दोन रेघा)
पूर्ण इंजिन. टाळू नये.
शेवटची नोंद नव्वदच्या ऑक्टोबरची :
अठ्ठावन्न हजार एकशे बारा.
काट्यावर आज एकोणसाठ हजार चारशे.

सत्तावीस वर्षांत जेमतेम तेराशे मैल.
महिन्यातून एकदा
दोन मैल खाली, दफनभूमीच्या फाटकापर्यंत,
दोन मैल वर.
इंजिनाला ऊब यायच्या आत
फुलं ठेवून परत.

सिलिंडरात माप घातलं.
तळाशी काही नाही. मध्ये एक थाऊ.
वर नऊ.
रोवनचं नख तिथल्या कंगोऱ्याला अडलं.
इथेच का?
इथे दट्ट्या क्षणभर थांबतो
आणि मागे फिरतो.
पळताना वंगणावर तरंगतो तो,
थांबला की धातूला धातू.

गंजण्यापेक्षा झिजणं बरं, म्हणतात.
इथे दोन्ही एकाच नळकांड्यात
शेजारी राहत होती.

बाई आल्या गुरुवारी, चिखलाचे बूट घालून,
चौऱ्याऐंशीच्या. टेबलावर मांडलेलं सगळं पाहिलं,
सहा दट्ट्या, सात बेअरिंगा, निळी शाई लावून
मी हाताने खरवडत असलेला पांढरा धातू.
किंमत विचारली नाही.
म्हणाल्या, अजून सहाशे बाकी होते ना?
मी म्हटलं, वहीप्रमाणे, हो.

मी पुरवून वापरत होते, म्हणाल्या.
साठ झाले असते तर
त्याने सांगितलेलं
काहीच उरलं नसतं करायला.

मला उत्तर सुचलं नाही.
स्क्रेपरची धार उगाच अंगठ्यावर पाहिली.
रोवन केव्हाची चहाचे मग विसळत होती.

मग मला येतं तेवढं सांगितलं.
पहिले पाचशे मैल हळू. चढावर रेटू नका.
आणि दोन-दोन मैलांचं बंद.
एकदा काढली की तीस मैल तरी,
वंगण पातळ होऊन शेवटच्या भोकापर्यंत पोचलं पाहिजे.
तीस?
बोटांवर गावं मोजली त्यांनी.
म्हणजे आयमथ. समुद्रच की.
तो कधी नेत नसे, मीठ लागतं म्हणायचा पत्र्याला.
परतल्यावर धुवा, म्हटलं.

आणि लॉक्लन?
परतीच्या वाटेवर, बाई.
इंजिन तापलेलं असताना थांबलात
तर थांबण्याने फार झिजत नाही.

त्यांनी वही उचलली, पेन्सिल मागितली,
आणि माझ्याच टेबलावर, तेलाच्या डागाशेजारी,
नवं पान उघडलं.
काय लिहू? शून्य?

नाही. काटा मी मागे फिरवत नाही.
एकोणसाठ हजार चारशे लिहा.