अंदाजपत्रक

मालाडला, खाडीकडच्या काचेच्या इमारतीत
रात्री साडेसातपासून मी शॅरन असते.
घर हलवून देणाऱ्या कंपनीची शॅरन.
कुठून, कुठे, खोल्या किती,
जड काही आहे का, पियानो, तिजोरी,
एवढं विचारायचं आणि आकडा सांगायचा.
का निघालात, ते विचारायचं नाही.
पण माणसं सांगतातच.

मिनेसोटाची एक बाई, आवाज सुपारीसारखा.
एक्केचाळीस वर्षं दारातला बर्फ उपसला म्हणाली,
अर्धा मी, अर्धा त्यानं.
आता पूर्ण माझ्याच्यानं होत नाही.
ॲरिझोनाला निघाली. कोरडं ऊन, सांध्यांना बरं.
त्याच रात्री, दोनच्या सुमाराला,
ॲरिझोनाचे एक गृहस्थ मिनेसोटाचा भाव विचारत होते.
गाडीच्या दाराला हात लावला की फोड येतो,
आणि नातवानं अजून लाल झालेलं झाड पाहिलेलं नाही.
वाटलं, दोघांची गाठ घालून द्यावी.
किल्ल्या बदला म्हणावं, ट्रकचे पैसे वाचतील.

कॅलिफोर्निया सोडणारे तिथल्या हवेबद्दल
वारलेल्या माणसासारखं बोलतात.
फार चांगली होती. परवडली नाही.
टेक्सासला जाणारे आधी कर सांगतात, मग अंगण किती मोठं ते,
आणि उन्हाळा अगदी शेवटी, हळूच,
स्थळाचं वय सांगावं तसा.
व्हर्मॉन्टहून म्हातारे फोन करत नाहीत.
त्यांच्या मुली करतात, बॉस्टनमधून, ऑफिसच्या जिन्यात उभ्या राहून.
ओहायोची तक्रार कुणीच करत नाही.
निघतात मात्र.

आणि लुइझियानाचे मिस्टर थिबोडो.
दर पुरानंतर त्यांचा फोन.
अंदाज घेतात, तारीख घेतात,
भिंती वाळल्या की रद्द करतात.
तिसऱ्या खेपेला मीच म्हणाले,
रद्दच करायचं तर विचारता कशाला?
हसले. म्हणाले, शॅरन,
जाता येईल एवढं कळलं की राहता येतं.
हे मी कंपनीच्या रकान्यात लिहिलं नाही.
तिथे लिहिलं: ग्राहक अनिश्चित.

पहाटे गाडी मला विक्रोळीला सोडते, कन्नमवार नगरच्या कोपऱ्यावर.
तिथून मी सुलक्षणा.
आमची इमारत पाडायची आहे.
छत्तीस महिन्यांचं भाडं बिल्डर देणार,
कुठे राहायचं ते आपलं आपण बघायचं.
आई म्हणते बदलापूर, पाणी गोड आहे, मावशी आहे.
बाबा म्हणतात उलवे, वारा आहे.
मग दोघंही म्हणतात, पण तिथून इथलं काम चाललेलं दिसणार कसं?
जेवताना बाबांनी विचारलं,
तुझ्या अमेरिकेत एवढी जागा, ती माणसं ठरवतात कशी?
मी म्हटलं, हवेचं नाव सांगतात.
बहुतेक कुणीतरी गेलेलं असतं,
नाहीतर कुणाच्यातरी जवळ जायचं असतं.
बाबांनी ताकाची वाटी तोंडाला लावली
आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

रविवारी सामान बघायला मुलगा आला.
विशीतला, कानात पेन्सिल, घाटकोपरचा.
कपाट एक, पलंग दोन, भांड्यांची चार खोकी.
शिलाई मशीन. ते आई स्वतः नेणार, मांडीवर.
मी भिंतीला टेकून त्याचे प्रश्न ऐकत होते,
एकही चुकला नाही.
मग म्हणाला, जड काही?

गॅलरीत विन्याची माशांची टाकी आहे.
चार फुटी काच, नऊ वर्षं कोरडी.
आत जुनी वर्तमानपत्रं आणि तळाला
निळे खडे, तेवढे अजून कुणी काढलेले नाहीत.
बाबांनी बोट दाखवलं.
मुलानं लांबी मोजली, रुंदी मोजली,
काचेचे वेगळे पडतील म्हणाला,
वाटेत तडकली तर जबाबदारी नाही म्हणाला.
रिकामी टाकी कशाला नेताय,
ते त्यानं विचारलं नाही.

बाबा त्याच्यासाठी स्टूल ओढत म्हणाले,
बस जरा. त्याचं असं झालं…